न दिसणाऱ्या कूर्चेचे मोजमाप

लखनऊच्या रायबरेली मार्गावर, वृंदावन योजनेनजीक, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. तेथील रोगप्रतिकारशास्त्र विभागाने बालसंधिवाताचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. या आजाराच्या निदानातील एक जुनी अडचण मात्र मुळात भौतिकशास्त्राची आहे.

राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांचा मुलांच्या संधिवातावरील निबंध प्रसिद्ध झाला १८९७ मध्ये. प्रौढांच्या सांध्यांत लवकर आढळणारे कूर्चेचे बदल मुलांत आजार बळावल्यावरही दिसत नाहीत, असे २२ रुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी नोंदवले. रोग आणि त्याला पाहू शकणारे साधन जवळपास एकाच वेळी अवतरले. पण दोहोंची गाठ सहज पडली नाही.

कारण उघड आहे. हाडातील कॅल्शियम क्ष-किरण शोषून घेते. कूर्चा जवळजवळ पाण्यासारखी, म्हणून चित्रात अदृश्य. लहान मुलांत हाडांची टोके बरीचशी कूर्चेचीच असतात. त्यामुळे निरोगी सांध्यातही हाडांमधील अंतर मोठे दिसते आणि ते घटले की नाही, हे नजरेने ठरवणे अवघड जाते.

१९७८ मध्ये अँड्र्यू पॉझनान्स्की आणि सहकाऱ्यांनी साधी युक्ती मांडली. मनगटाची लांबी मोजायची आणि तिची तुलना त्याच हातातील तर्जनीमागच्या तळहाताच्या हाडाशी करायची. कूर्चा झिजली की मनगट आखडते. ज्याची सावली पडत नाही, त्याचा ऱ्हास सावल्यांमधील अंतरावरून कळू लागला.

तरीही मोजता येणारे नुकसान हे झालेले नुकसानच असते. १९९२ मध्ये मेथोट्रेक्सेट आणि २००० मध्ये इटानरसेप्ट या औषधांचा मुलांमधील उपयोग चाचण्यांतून सिद्ध झाल्यावर हा विलंब अधिकच महाग ठरू लागला. भारतीय रुग्णमालिकांत स्नायुबंध हाडाला जोडले जातात तेथे दाह होणारा प्रकार बराच आढळतो. तो मुख्यतः मोठ्या मुलग्यांना होतो. टाच, गुडघा, खुबा आणि पुढे कंबरेच्या तळाचे सांधे धरतो. किशोरवयात या तळच्या सांध्यांच्या कडा निसर्गतःच खडबडीत दिसतात, म्हणून साधे क्ष-किरण चित्र तेथे आणखी फसवे.

सूज आणि कूर्चा दाखवणारी एमआरआय व सोनोग्राफी म्हणूनच महत्त्वाची. सहा आठवडे टिकलेल्या सांधेसुजेत क्ष-किरण चित्र निर्दोष आले, तर त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. सांधा वाचवायला अजून अवधी आहे, असा होऊ शकतो.