खिशांतला कॅमेरा आणि आरशाचा कॅमेरा

१९४६ सालीं पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रांत महात्मा गांधींचा मुक्काम होता. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट तेथें येऊन दाखल झाल्या. चरख्यापाशीं बसलेल्या गांधीजींचें चित्र त्यांना हवें होतें. चिटणिसांनीं अट घातली कीं, ज्याला चरख्याचें चित्र घ्यावयाचें त्यानें आधीं चरखा चालवावयास शिकलें पाहिजे. बाईंनीं मुकाट्यानें सूत कातून पाहिलें. मग दुसरी अडचण निघाली. खोलींत उजेड बेताचा, आणि कृत्रिम प्रकाशाला मंडळींची नाखुषी. शेवटीं मोठ्या मिनतवारीनें तीन फ्लॅशबल्ब उडविण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न यंत्राच्या खोडीनें आणि घाईनें वायां गेले. तिसरा साधला; आणि पुढें सर्व जगानें पाहिलेलें चरख्याचें चित्र तें हेंच.

चित्र अजोड आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या यंत्रानें तें घेतलें त्याचा स्वभावहि या प्रसंगांत पुरता दिसून येतो. मोठा कॅमेरा एकटा येत नाहीं, लवाजम्यासह येतो. त्याला जागा लागते, उजेड लागतो, परवानगी लागते; आणि ज्याचें चित्र घ्यावयाचें त्या माणसाला, आपलें चित्र घेतलें जात आहे, याचा क्षणभरहि विसर पडूं शकत नाहीं. दोन वर्षांनीं, ३० जानेवारी १९४८ रोजीं, याच बाई दिल्लीस बिर्ला भवनांत गांधीजींना पुन्हां भेटल्या. त्याच दिवशीं हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकारहि गांधीजींची भेट घेऊन गेले. त्यांच्याजवळ तळहातावर मावणारा लायका होता. सायंकाळीं गांधीजींची हत्या झाली. शोकाकुल मंडळींत बर्क-व्हाइट यांनीं फ्लॅश उडवितांच लोक संतापले आणि बाईंची फिल्म काढून घेण्यांत आली, असें सांगतात. कार्तिए-ब्रेसाँ यांनीं मात्र असेल त्या दिव्याच्या उजेडांत, फाटकाशीं उभे राहून जनसमुदायाला निधनाची वार्ता सांगणाऱ्या पंडित नेहरूंचें चित्र टिपलें. तें रेखीव नाहीं. धूसर आहे, हललेलें आहे. पण तें आहे!

लहान यंत्र घ्यावें कीं मोठें, हा प्रश्न २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत शहरांतील पुष्कळ घरांतून चर्चिला गेला. दुकानाच्या कांचेमागें एकीकडे खिशांत मावणारे चकचकीत डिजिटल कॅमेरे आणि दुसरीकडे आरशाचे, भिंग बदलतां येणारे, काळेकभिन्न एस-एल-आर; आणि समोर उभा असलेला गृहस्थ पाकिटाचा व हौसेचा मेळ घालीत आहे, असें दृश्य तेव्हां नित्याचें होतें. प्रश्न नवा वाटे, तरी तो जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे.

जॉर्ज ईस्टमन यांनीं १८८८ सालीं कोडॅक हा पेटीवजा कॅमेरा २५ डॉलरांस विक्रीस आणला, त्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. फिल्म संपली कीं पेटी तशीच रॉचेस्टरला धाडावयाची. दहा डॉलरांत चित्रें तयार होऊन, नवी फिल्म भरून, पेटी घरीं परत येई. १९०० सालीं निघालेला ब्राउनी तर एका डॉलरला मिळूं लागला. मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. पण त्या काळीं कांचा, रसायनें आणि अंधारी खोली हा सारा संसार सांभाळणें विद्वान व सधन हौशी माणसालाच परवडे. ईस्टमन यांनीं हा संसार कारखान्यावर सोंपविला. किंमत मात्र द्यावी लागली ती चित्राच्या गुणाची. पेटीचें भिंग साधें होतें. ऊन असेल तर ठीक, नाहीं तर नशीब.

लहान यंत्रानें उत्तम चित्र निघूं शकतें हें सिद्ध करण्याचें श्रेय ऑस्कर बारनॅक यांचें. जर्मनींत वेट्झलर येथील लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ते यंत्रज्ञ होते. त्यांना छायाचित्रांचा नाद होता आणि दम्याचा विकारहि होता. कांचेच्या प्लेटी व तिवई घेऊन डोंगर चढणें त्यांच्या छातीला सोसेना. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनीं सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी फिरवून तिच्यावर २४ × ३६ मिलिमीटरांचें, म्हणजे सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, चित्र घेणारें एक इवलेंसें यंत्र बनविलें. मध्यंतरीं महायुद्ध झालें. युद्धानंतर जर्मनीची आर्थिक दशा अशी कीं, नव्या वस्तूंत पैसा घालणें म्हणजे जुगार. तरी १९२४ सालीं एर्न्स्ट लाइट्झ यांनीं तो खेळावयाचें ठरविलें आणि १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत लायका लोकांसमोर आला. धंदेवाईक छायाचित्रकारांनीं नाकें मुरडलीं. टपालाच्या तिकिटाएवढ्या फिल्मवरून मोठें चित्र तें काय निघणार! बारनॅक यांनीं भिंगावर, फिल्म सपाट राखण्यावर आणि यंत्राच्या काटेकोरपणावर भर देऊन त्या प्रश्नाला उत्तर दिलें. दम्याच्या एका रोग्यानें स्वतःच्या सोईसाठीं केलेल्या या वस्तूनें छायाचित्रणाचें वळणच बदललें.

लायकांत एक उणीव होती. डोळा ज्या खिडकींतून पाही ती खिडकी भिंगाच्या बाजूला होती. दूरच्या देखाव्याला त्यानें फरक पडत नसे. पण जवळची वस्तु घ्यावयाची झाल्यास डोळ्याला दिसलेलें आणि फिल्मवर उतरलेलें यांत तफावत पडे. भिंगामागें आरसा बसवून, चित्र घेणाऱ्या भिंगांतूनच पाहावें, ही कल्पना टॉमस सटन यांनीं १८६१ सालींच पेटंट केली होती. तीच ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठीं १९३६ सालीं ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्यांत उतरली. परंतु त्यांत मान खालीं घालून पाहावें लागे, चित्र डावें-उजवें उलटें दिसे, आणि कळ दाबली कीं आरसा वर जाऊन समोर काळोख होई. १९४८-४९ सालीं इटलींतील रेक्टाफ्लेक्स आणि जर्मनींतील कॉन्टॅक्स एस यांत पंचकोनी लोलक आला. त्यामुळें डोळ्याला सुलटें चित्र दिसूं लागलें. १९५४ सालीं जपानच्या असाहीफ्लेक्समधील आरसा आपोआप खालीं येऊं लागला. १९५९ सालचा निकॉन एफ निघाला तेव्हां आरशाच्या कॅमेऱ्याविरुद्ध बोलण्यासारखें दोनच मुद्दे उरले होते, वजन आणि किंमत.

भारतांतील मध्यमवर्गीय घराला हे दोन्ही मुद्दे फार वर्षें विचारांत घ्यावे लागलेच नाहींत. आयातीवरील निर्बंध आणि जकात यांपुढें जपानी एस-एल-आर ही परदेशस्थ आप्तानें आणावयाची वस्तु होती. घरोघरीं होता तो बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३. बारा चित्रांची फिल्म, साधें भिंग, आणि छायाचित्रकाराची पाठ सूर्याकडे. एवढ्या सामग्रीवर कितीतरी घरांतील मुंजी, सहली आणि बारशीं अल्बमांत उतरलीं. तीं चित्रें फुगवून पाहावयाचीं नव्हतीं, हेंच त्यांच्या यशाचें रहस्य म्हणावयाचें.

फिल्मच्या काळीं लहान व मोठ्या कॅमेऱ्यांत एक समानता होती, तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. ३५ मिलिमीटरचा खिशांतला कॅमेरा आणि त्याच फिल्मचा एस-एल-आर यांत चित्राचा चौकोन तेवढाच, ८६४ चौरस मिलिमीटरांचा. चांगलें भिंग असेल तर १९६६ सालचा रोलाय ३५ किंवा १९७९ सालचा ऑलिम्पस एक्स-ए मोठ्या यंत्राशीं बरोबरी करूं शके. डिजिटल युगानें ही समता मोडली. फिल्मच्या जागीं आलेला सेन्सर महाग पडे. म्हणून खिशांतल्या यंत्रांत तो नखाहून लहान बसविण्यांत आला. त्या काळच्या साधारण कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें ५.८ × ४.३ मिलिमीटर, म्हणजे २५ चौरस मिलिमीटरांचा. कॅनन कंपनीनें २००३ सालीं हजार डॉलरांच्या आंत आणलेल्या ईओएस ३००-डी या एस-एल-आरचा सेन्सर २२.७ × १५.१ मिलिमीटरांचा, जवळजवळ चौदापट! दोन्हीकडे बिंदूंची संख्या, ज्यांना जाहिरातींत मेगापिक्सेल म्हणत, फारशी वेगळी नसे, आणि गिऱ्हाईक तेवढाच आंकडा वाचून फसे. लहान पागोळीखालीं ठेवलेल्या वाटींत थोडेंच पाणी सांठावें तसा लहान बिंदूवर प्रकाशहि थोडाच पडतो. उन्हांत हें उमगत नाहीं. संध्याकाळीं, मांडवांत, देवघराच्या समईपाशीं चित्रांत रंगीत रवाळपणा उमटतो, तेव्हां उमगतें.

दुसरा भेद वेळेचा. त्या पिढीचा लहान कॅमेरा सेन्सरवरचेंच चित्र पुनःपुन्हां तपासून, भिंग मागेंपुढें करून, स्पष्टता शोधी. आरशाच्या कॅमेऱ्यांत त्यासाठीं निराळी योजना असे आणि भिंग किती व कोणत्या दिशेस सरकावयाचें तें तिला एकदम कळे. हा फरक कागदावर अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. पण मंगलाष्टकें संपून अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांकडे पाहतात आणि अक्षता पडतात, तो क्षण लहान कॅमेऱ्यानें गांठला असें सहसा होत नसे. त्यांत उतरे ती पुढची गर्दी आणि कोणाची तरी पाठ.

एवढें असूनहि आरशाचा कॅमेरा घेणाऱ्या सर्वांना तो लाभला असें म्हणवत नाहीं. ३००-डीचें नुसतें धड अर्ध्या किलोहून जड, त्यावर भिंगाचा भार, आणि सोबत पिशवी. पहिल्या वर्षी तो सहलीला गेला, दुसऱ्या वर्षी लग्नांत दिसला, तिसऱ्या वर्षी कपाटांत राहिला, ही पुष्कळ घरांची कथा. त्याच्याबरोबर मिळणारें सामान्य भिंग काढून दुसरें लावावें, यासाठीं तर तो घ्यावयाचा. पण दुसरें भिंग पुष्कळांनीं घेतलेंच नाहीं. मग चौदापट सेन्सरचा लाभ तो कोणाला? जो कॅमेरा घरीं राहतो त्याचा सेन्सर कितीहि मोठा असला तरी त्यावर प्रकाश पडत नाहीं.

निकाल लागला तो तिसऱ्याच बाजूनें. २०१० सालीं जगांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांत बहुतेक खिशांतले. २०२३ सालीं हा आंकडा एक कोटीच्याहि खालीं आला होता. टेलिफोनानेंच खिसा बळकावला. मोठ्या यंत्रांतील आरसाहि कॅनन व निकॉन या कंपन्यांनीं हळूहळू बाजूस ठेवून आरशाविना कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळविला. सटन यांची युक्ति तोंवर दीडशें वर्षांची झाली होती.

लहान-मोठ्याच्या या वादांतील सर्वांत मोठा साक्षीदार मात्र अजून बोललेला नाहीं. १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत कॅप्टन जॉन नोएल सिनेमाचा कॅमेरा आणि दूरदर्शी भिंग लावून शिखराकडे डोळे लावून बसले होते. ८ जून रोजीं ढग आले. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन वर चढतांना शेवटचे दिसले आणि त्या ढगांत दिसेनासे झाले. त्यांच्यापाशीं सहकारी हॉवर्ड सॉमरव्हेल यांनीं दिलेला कोडॅकचा एक घडीचा, बंडीच्या खिशांत मावणारा व्हेस्ट पॉकेट कॅमेरा होता. ते शिखरावर पोंचले असतील तर त्याचा पुरावा त्या फिल्मवर असेल, आणि बर्फांतील थंडीमुळें ती अजूनहि धुतां येईल, अशी जाणकारांची आशा आहे. १९९९ सालीं मॅलरींचा देह सांपडला. खिशांत पत्रें होतीं, गॉगल होता, कॅमेरा नव्हता. २०२४ सालीं रोंगबुक हिमनदींत अर्व्हिन यांचा बूट, आंत पाऊल आणि नांव घातलेला मोजा सांपडला. कॅमेरा तेव्हांहि मिळाला नाहीं.