पाच उड्या

२०१९ च्या वर्ल्डकपमध्ये धोनीच्या ग्लोव्हजवरच्या चिन्हावरून गदारोळ झाला होता, आठवतंय? ऑफिसात बहुतेकांना वाटलं, हाच तो पॅराशूटवाल्यांचा बिल्ला. नाही मंडळी! ते 'बलिदान', पॅरा स्पेशल फोर्सेसचं चिन्ह. छत्रीधारी सैनिकांचे 'विंग्ज' वेगळे. मधे उघडलेलं पॅराशूट, दोन बाजूंना पंख, गणवेशावर छातीच्या उजव्या बाजूला.

आता गंमत बघा. धोनीला मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा २०११ मध्येच मिळाला. विंग्ज लावायला मात्र २०१५ मध्ये आग्र्याला जाऊन विमानातून पाच उड्या माराव्या लागल्या. हुद्दा मानद, उड्या खऱ्या.

१९४१ मध्ये पॅराशूटने उडी घेतलेल्या अगदी पहिल्या भारतीय सैनिकांत एक होते ए. जी. रंगराज. काम काय, तर डॉक्टर! 'तुम्ही मागून गाडीने या' असं त्यांना सांगून चालणार नव्हतं. सैनिक आभाळातून उतरणार, तर डॉक्टरनेही तसंच उतरायला हवं. पुढे २३ मार्च १९५१ ला कोरियात मुनसानजवळ अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज आणि त्यांच्या ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सची छोटी तुकडी खरोखरच्या युद्धात उतरली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

मी एकदा दोन आठवडे हाताळलेल्या भाषेपुढे रिझ्युमेत 'एक्स्पर्ट' लिहिलं होतं. हे सगळं वाचून झाल्यावर फाइल उघडली आणि तो शब्द खोडला. असो.