न दिसणाऱ्या कणाची चित्रे



“न्यूट्रॉन म्हणजे अणुगर्भातील विद्युतभार नसलेला कण” ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. मीही केली होती, आणि पुढे शिक्षक झाल्यावर बरीच वर्षे तीच विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. गुण पूर्ण मिळत. समजत मात्र कोणालाच नसे. हा कण माणसाने डोळ्यांसमोर कसा आणला, त्याची हकीकत म्हणूनच आपल्यापुढे ठेवीत आहे.

असा कण असावा हे रदरफोर्डने १९२० सालीच बोलून दाखविले होते. पण विद्युतभार नाही, म्हणून तो वाटेत आपली खूण ठेवीत नाही. मग धरावा कसा? १९३२ च्या फेब्रुवारीत केंब्रिज येथे जेम्स चॅडविक याने तो धरला, तोही आडवाटेने. बेरिलियममधून निघणारे गूढ किरण पॅराफिनवर पडले की त्यातून प्रोटॉन उडतात, एवढे पॅरिसच्या जोलिओ-क्यूरी दांपत्याने पाहिले होते. पण ते किरण गॅमा असावेत असा त्यांचा तर्क होता. उडालेल्या कणांच्या वेगावरून मारणाऱ्याचे वजन चॅडविकने काढले, ते जवळजवळ प्रोटॉनएवढेच भरले. चोर दिसला नाही, पण धक्क्यावरून ओळखला गेला म्हणा ना! १९३५ चे नोबेल पारितोषिक त्याला याच शोधाबद्दल मिळाले.

पुढचा प्रसंग रोमचा. २२ ऑक्टोबर १९३४ रोजी एन्रिको फर्मी याने न्यूट्रॉनच्या वाटेत शिशाऐवजी पॅराफिन ठेवले, आणि चांदीतील किरणोत्सार अनेक पटींनी वाढला. त्याच दिवशी संस्थेमागील कारंज्याच्या पाण्यातही हा प्रयोग करून पाहिला, असे त्याच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. कारण समजायला आपल्या घरचा कॅरम पुरे आहे. एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर अगदी समोरून आदळली, तर पहिली थांबते आणि दुसरी धावते. तीच सोंगटी कडेच्या फळीवर आदळली, तर परत फिरते, वेग फारसा घटत नाही. पॅराफिन व पाणी यांत हायड्रोजन भरपूर, आणि त्याचा अणुगर्भ न्यूट्रॉनच्या तोलाचा. सुमारे १८ धडकांत न्यूट्रॉन मंदावतो. कार्बनमध्ये यासाठी सुमारे ११५ धडका लागतात. शिशाशी एका धडकेत फार तर शेकडा २ ऊर्जा जाते. मंद न्यूट्रॉन अणुगर्भाच्या तावडीत अधिक सापडतो. ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपल्या तुर्भ्याला सुरू झालेली ‘अप्सरा’ अणुभट्टी पाण्याच्या कुंडात बुडविलेली होती, ती याच न्यायाने. (ती २००९ साली बंद झाली, २०१८ पासून तिची सुधारलेली बहीण काम करीत आहे.)

आता मला सर्वांत आवडणारा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांना न्यूट्रॉनच्या प्रवासाचे गणित करायचे होते, पण एनिॲक हा प्रचंड संगणक त्या वेळी एका गावाहून दुसऱ्या गावी हलविला जात होता. तेव्हा १९४७ साली फर्मीने एक पितळी गाडी योजली. ‘फर्मिॲक’ हे तिचे नाव. कागदावर यंत्राचा प्रमाणबद्ध आराखडा काढायचा, त्यावर गाडी ठेवायची. न्यूट्रॉन कोणत्या दिशेने निघाला आणि किती अंतरावर आदळला, हे यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवरून ठरवायचे. जलद न्यूट्रॉन की मंद, कोणता पदार्थ, तेही लावायचे. मग गाडी ढकलायची. ती मागे रेघ सोडीत जाई. धडक झाली की पुन्हा आकडे, पुन्हा रेघ. स्टानिस्लाव उलाम व जॉन फॉन नॉयमन यांच्या या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव पडले. एका न्यूट्रॉनचे भविष्य कोणीच सांगू शकत नाही. शेकडोंच्या रेघा काढल्या की समुदायाचा स्वभाव कळतो. न्यूट्रॉनची हाताने चालविलेली ही हलती चित्रेच होती, असे माझे मत आहे. मात्र ती शास्त्रज्ञांसाठी होती, मुलांसाठी नव्हे.

मुलांसाठी १९५७ साली डिस्नेचा बोलपट आला. त्यात हाइन्झ हाबर यांनी उंदरांचे सापळे व पिंगपाँगचे चेंडू मांडून साखळी प्रक्रिया दाखविली. देखावा मोठा बहारीचा, पण मुलांनी नुसते बघत बसायचे.

ती उणीव संगणकाने भरून काढली. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील काही चलचित्रे मराठीतही आहेत. अणुविभंजनाच्या चित्रात विद्यार्थी स्वतः न्यूट्रॉन सोडतो, युरेनियमचे अणुगर्भ कमीजास्त करतो, नियंत्रक दांडे वरखाली करतो. यात धोकाही आहे. पडद्यावरचा गोळा पाहून न्यूट्रॉन म्हणजे राखाडी गोटी असे मुले मानू लागतात, आणि मग एका घोकंपट्टीच्या जागी दुसरी येते. म्हणून मी आधी कॅरम मांडतो आणि मग पडदा लावतो.

एकदा नववीच्या एका मुलीने तोच प्रयोग तीनदा चालविला. तीनही वेळा फुटलेल्या अणुगर्भांची संख्या निराळी आली. “सर, मी काहीच बदललं नाही, मग उत्तर का बदललं? माझं चुकलं का?” तिने घाबरत विचारले. मी फळा पुसला, एक ठिपका काढला, तिच्या हातात सोंगटी दिली आणि म्हणालो, “चुकलं नाही, बेटा. आता वीस वेळा चालव आणि प्रत्येक आकडा लिहून ठेव.” घंटा झाली, तरी वर्ग उठला नाही.