चाइम, घरातला (व्हिडिओ डोअरबेलचा) : किहीम, ता. अलिबाग, जि. रायगड

फाटकावरच्या किंवा दारावरच्या व्हिडिओ डोअरबेलचे बटण दाबले की घराच्या आत वाजणारे उपकरण. बोलताना 'आतली बेल'. बाहेरच्या डोअरबेलमध्ये कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर आणि वाय-फाय असते आणि बटण दाबल्याची वर्दी तिच्याकडून मालकाच्या मोबाइलवर जाते. चाइमला ना कॅमेरा असतो ना पडदा. तो सॉकेटमध्ये बसतो आणि वाजतो. पुष्कळ डोअरबेलबरोबर तो मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि खर्च आटोपता घेताना तोच पहिल्यांदा यादीतून जातो. किहीमसारख्या गावात ही काटकसर महागात पडते.

किहीम हे अलिबागच्या उत्तरेचे, चोंढी-मांडव्याच्या बाजूचे किनारी गाव. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला तो इथेच. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत आत घर, पलीकडे सुरूची बने आणि समुद्र, असा गावाचा जुना नकाशा. रस्त्यावरच्या फाटकापासून ओटीपर्यंत शंभर-दीडशे फूट चालावे लागणे यात कुणाला नवल वाटत नाही. गेल्या काही दशकांत मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले इथे झाले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यावर गाडी बोटीत घालून येणे सोपे झाले. तरी आठवड्याचे पाच दिवस बंगल्यात असतात ते माळी, राखणदार, त्यांची बायका-मुले, नाहीतर गावाकडे राहायला आलेले आजी-आजोबा.

आता फाटकावर सिलिंडरवाला उभा आहे असे समजा. तो बटण दाबतो. फोन वाजतो तो नरिमन पॉइंटच्या कचेरीत, मीटिंगमध्ये, खिशात मुका करून ठेवलेला. विहिरीवर पंप लावून बसलेल्या माळ्याला काही कळत नाही. आजी आत पोथी वाचत असतात, त्यांनाही नाही. सिलिंडरवाला दोनदा बटण दाबतो, एकदा हाक मारतो आणि निघून जातो. कॅमेऱ्यात त्याची पाठमोरी आकृती स्वच्छ दिसते, तेवढाच त्याचा उपयोग. दारावरची हाक आधी घरात असलेल्या माणसाची, मग मालकाची. चाइम बसवायचा तो हा क्रम परत लावण्यासाठी.

उलट्या बाजूने पाहिले तर मोबाइलशी जोडलेल्या घंटेचा जन्मही ऐकू न येण्यातूनच झाला. अमेरिकेत जेमी सिमिनॉफ आपल्या गॅरेजमध्ये काम करीत असत आणि घराच्या दारावरची बेल त्यांना तिथे ऐकू येत नसे. त्या अडचणीतून २०१३ मध्ये 'डोअरबॉट' निघाली. तिचेच नाव पुढे 'रिंग' झाले आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. विजेची घंटा मात्र फार जुनी. जोसेफ हेन्री यांनी १८३१ मध्ये लांब तारेच्या टोकाशी ठेवलेल्या विद्युतचुंबकाने घंटा वाजवून दाखवली होती. आपल्या घरांतली 'डिंग-डाँग' त्याच वंशातली. बटण दाबले की गुंडाळीतली लोखंडी दांडी उसळून एका पट्टीवर आपटते, तो 'डिंग'. बटण सोडले की स्प्रिंगने मागे येऊन दुसरीवर आपटते, तो 'डाँग'. नंतर चिमणीच्या चिवचिवाटाच्या, आरतीच्या चालीच्या आणि हिंदीतून दार उघडण्याची विनंती करणाऱ्या बेल आल्या. या सगळ्या अजून कोकणातल्या कितीतरी दारांवर वाजत आहेत.

वीजजोडणी. इथेच सर्वांत मोठा धोका आहे. परदेशी माहितीपत्रकांत आणि व्हिडिओंत डोअरबेल जुन्या बेलच्या तारांना सरळ जोडलेली दिसते, कारण तिकडच्या घरांत बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्या तारांत साधारण १६ ते २४ व्होल्ट ए.सी. असतात. आपल्याकडे बेलचे बटण बहुधा घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरच असते. त्या तारा काढून व्हिडिओ डोअरबेलच्या मागच्या दोन स्क्रूंना जोडल्या तर यंत्र त्याच क्षणी जळते, आणि पावसात भिजलेल्या फाटकावर प्रश्न यंत्राच्या किमतीपुरता राहत नाही. वायरमनला स्पष्ट सांगावे: जुन्या तारा आधी टेस्टरने, मग मीटरने तपासायच्या, २३० व्होल्ट निघाले तर दोन्ही टोके बंद करून, टेप लावून डब्यात ठेवायची, डोअरबेल बॅटरीवर चालवायची किंवा तिच्या कंपनीने सांगितलेल्या व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर घराच्या आत, कोरड्या जागी बसवून फक्त कमी दाबाची तार फाटकापर्यंत न्यायची. काम सुरू करण्यापूर्वी एम.सी.बी. खाली. घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. नसेल तर तो याच निमित्ताने बसवून घ्यावा.

जुनी डिंग-डाँगच चाइम म्हणून वापरता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. कमी व्होल्टेजची यांत्रिक बेल असेल आणि डोअरबेल तिच्या तारांवर चालणाऱ्या जातीची असेल तर येते. अशी डोअरबेल त्याच दोन तारांतून, बेलच्या गुंडाळीमधून, सतत थोडी वीज ओढत असते. तेवढ्याने बेल गुरगुरू नये म्हणून गुंडाळीला समांतर एक छोटी डबी जोडतात. २३० व्होल्टच्या बेलला हे लागू नाही. ती वेगळ्या बटणावर तशीच राहू द्यावी. नेट आणि राउटर रुसले तरी ती वाजते.

बिनतारी जोडणी. सॉकेटमध्ये बसणारे चाइम दोन घराण्यांचे. एक डोअरबेलशी थेट रेडिओने बोलतो. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ४३३-४३४ किंवा ८६५-८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अशी उपकरणे चालतात. दुसरा घरच्या वाय-फायवर, बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर असतो. थेट बोलणारा चाइम बटण दाबताक्षणी वाजतो आणि नेट बंद असले तरी वाजतो. वाय-फायवाल्या काही चाइमची वर्दी कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येते, त्यामुळे दोन-तीन सेकंद उशीर होतो आणि फायबर तुटली की आवाजही जातो. झाडीतल्या, लांब वाडीच्या घरासाठी पहिले घराणे जास्त भरवशाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र प्रत्येक डोअरबेलला तो पर्याय नसतो, म्हणून खरेदीपूर्वी एवढाच प्रश्न नक्की विचारावा: इंटरनेट बंद केल्यावर आतली बेल वाजते का?

जोडी जुळवणे अवघड नाही. चाइमला वीज दिली की दिवा लुकलुकतो. त्याचे छोटे बटण काही सेकंद दाबून धरायचे, मग डोअरबेलचे बटण दाबायचे किंवा ॲपमध्ये चाइम जोडायचा. वाय-फायवाला चाइम अडून बसला तर बहुतेक वेळा एकच कारण असते: राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली ठेवलेले असतात आणि चाइमला पाच कळत नाही. जोडणी करताना ५ गिगाहर्ट्झ तात्पुरते बंद करावे किंवा २.४ ला वेगळे नाव द्यावे.

खरी परीक्षा अंतराची. डब्यावर लिहिलेले शंभर मीटर हे मोकळ्या मैदानातले. किहीमला मध्ये भिंती आहेत आणि झाडे आहेत. जुनी घरे दगड-विटांची, नवे बंगले हौसेने जांभ्याच्या चिऱ्यांचे. भिंत नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषते. पोफळीची ओली पानेही तेच करतात. म्हणून मे महिन्यात उत्तम चाललेली बेल जुलैत मुकी होते आणि लोक बॅटरीला दोष देतात. (दगड आणि वीज यांचा विचार या तालुक्याला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचे मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले, आणि इथल्या इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड मुद्दाम आणला.)

तपासणीची गावठी रीत सर्वांत चांगली. एकजण फाटकावर, एकजण आत. आतल्याने चाइम आधी ओटीजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा, मग माजघरात, मग स्वयंपाकघरात. प्रत्येक ठिकाणी बाहेरच्याने दहा वेळा बटण दाबायचे. दहापैकी दहा वाजले तरच ती जागा पक्की. नऊ वाजले तर पावसात पाच वाजतील असे धरून चालावे. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ६० च्या आसपास किंवा त्याहून शून्याच्या जवळ असावा. उणे ७५ म्हणजे कधीही तुटेल. फ्रिजच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आड किंवा मायक्रोवेव्हला खेटून चाइम लावू नये. मायक्रोवेव्ह त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतो.

बटणाचा घोटाळा. परदेशी चाइम बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट आपल्या भिंतीवर असते: प्रत्येक सॉकेटला बटण. झाडू मारताना, मिक्सर लावताना, किंवा 'उगाच चालू कशाला' म्हणून घरातले कुणीतरी ते बंद करते. चाइम मुका होतो आणि दोन आठवड्यांनी लक्षात येते. त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनने 'बेल – बंद करू नये' असे ठळक मराठीत लिहावे. नव्या बंगल्यात चाइमसाठी छताजवळ, हाताला न लागणारे सॉकेट काढता येते.

आवाज. वय वाढताना माणसाला उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. चिमणीचा चिवचिवाट तरुण कानाला गोड लागतो, पण आजोबांना तो पंख्याच्या घरघरीत हरवतो. त्यांच्यासाठी खालच्या पट्टीतला, सावकाश, दोन टोल्यांचा डिंग-डाँगसारखा स्वर निवडावा. स्वर निवडताना त्यांनाच त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून विचारावे. आपण मोबाइलवर ऐकून ठरवू नये. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मधल्या आवाजाची बेल शेजारच्या खोलीतही पोचत नाही. मोठ्या घरात एक मोठ्या आवाजाचा चाइम लावण्यापेक्षा मध्यम आवाजाचे दोन बरे: एक माजघरात, एक राखणदाराच्या खोलीत. मागच्या दाराच्या बटणाला वेगळा स्वर दिला तर फाटकाची बेल कुठली आणि मागच्या दाराची कुठली हेही कळते.

काही चाइम नुसत्या हालचालीवरही वाजवता येतात. ही सोय किहीमला बंद ठेवावी. हालचाल ओळखणारा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. वाऱ्यावर डोलणारी उन्हाने तापलेली झावळी, गाय, कुत्रे, सगळ्यांसाठी तो घर हलवून सोडतो. चार दिवसांत घरातले त्या आवाजाकडे लक्ष देईनासे होतात आणि खरा पाहुणा आला तरी कुणी उठत नाही. आतली बेल फक्त बोट लागले की वाजावी.

खारी हवा. फाटकावरच्या यंत्राचा आय.पी. ६५ हा दर्जा धूळ आणि पाण्याच्या झोताबद्दल सांगतो, मिठाबद्दल नाही. एक-दोन पावसाळ्यांत पितळी स्क्रूंवर हिरवी पुटे चढतात आणि चार्जिंगची पिन काळवंडते. जोडाच्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, तारेच्या भोकाला खालून वळण आणि सिलिकॉन, वरून छोटे छप्पर, एवढे केले तर आयुष्य वाढते. चिऱ्यात रावळप्लग ठिसूळपणे सुटतो. लांब प्लग किंवा सिमेंटमध्ये बसवलेला लाकडी गुटका घ्यावा. आतल्या चाइमला मिठाचा त्रास कमी, मुंग्यांचा जास्त. त्या उबेला येतात. दिवाळीच्या साफसफाईत तो काढून झटकावा.

वीज गेल्यावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडातल्या कितीतरी गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. तेवढे मोठे संकट रोज येत नाही, पण पावसाळ्यात तासाभरासाठी वीज जाणे नेहमीचे. डोअरबेल स्वतःच्या बॅटरीवर जागी असते आणि आत चाइम मेलेला असतो, अशी विचित्र स्थिती तेव्हा होते. राउटर, फायबरची पेटी आणि चाइम ही तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवीत. तिन्ही मिळून एका लहान दिव्याइतकी वीज खातात.

कॅमेऱ्याबद्दल थोडेच. तो आपल्या फाटकाकडे आणि पायरीकडे रोखावा, समोरच्याच्या अंगणाकडे किंवा पाणंदीकडे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, पण शेजाऱ्याच्या अंगणात वाळत घातलेले कपडे टिपायचे नाहीत, हे कळायला कायदा लागत नाही.

बंद घर. रविवारी संध्याकाळी बोट गाठायच्या घाईत मेन स्विच खाली करून निघण्याची रीत जुनी आहे. तेव्हा राउटर आणि चाइम दोन्ही झोपतात, आणि फाटकावरची डोअरबेल नसलेले वाय-फाय शोधत आपली बॅटरी संपवत राहते. वायरिंग करतानाच बोर्डावर एक वेगळा एम.सी.बी. राउटर, फायबरची पेटी आणि चाइम यांच्यासाठी आणि राखणदाराच्या खोलीतल्या दिव्यासाठी राखून घ्यावा. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात, मालकाच्या फेऱ्या कमी होतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत फाटकावर कोण आले हे राखणदारालाच कळायला हवे. त्याच्याकडे बोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असावा: कुठला एम.सी.बी. चालू ठेवायचा, चाइमचा दिवा कुठल्या रंगाचा असला म्हणजे ठीक, आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, फाटकावर जाऊन स्वतः एकदा बटण दाबायचे. आतून मुलगा 'वाजली!' म्हणून ओरडला की झाले. आणि फाटकावरची जुनी कडी काढू नये. सकाळी म्हावऱ्याची टोपली डोक्यावर घेऊन येणाऱ्या मावशींचा एक हात टोपलीला असतो. त्या बटण शोधत नाहीत, दुसऱ्या हाताने कडी वाजवतात आणि हाक देतात.