पेरोनवादाची सामाजिक मुळे

लोकानुनयवादी चळवळींची चर्चा बहुधा नेत्याच्या वक्तृत्वाभोवती आणि आश्वासनांभोवती फिरते. परंतु अशा नेत्याला प्रतिसाद देणारा समाज आधी घडलेला असावा लागतो. अर्जेंटिनातील पेरोनवाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९२९ च्या जागतिक मंदीने धान्य व मांस यांच्या निर्यातीवर उभी असलेली अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था खिळखिळी केली. आयात घटल्याने देशातच कारखानदारी वाढली आणि आतल्या प्रांतांतील कष्टकरी रोजगारासाठी मोठ्या संख्येने ब्युनॉस आयर्सकडे वळले. शहराने त्यांचे श्रम घेतले, पण त्यांना प्रतिष्ठा दिली नाही. सावळ्या वर्णाच्या या लोकांना 'काळी डोकी' म्हणून हिणविले जाई. त्यातच १९३० च्या लष्करी उठावानंतरच्या निवडणुका गैरप्रकारांनी ग्रासलेल्या असल्याने मतपेटीचा मार्गही खुंटला होता.

ही पोकळी कर्नल हुआन पेरोन यांनी हेरली. १९४३ च्या उठावानंतर श्रम खात्याची सूत्रे हाती येताच त्यांनी कामगार संघटनांशी संधान बांधले, सामूहिक वेतनकरारांना बळ दिले आणि १९४४ मध्ये शेतमजुरांना कायद्याचे संरक्षण दिले. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना अटक होताच १७ तारखेला उपनगरांतील कामगारांचे लोंढे राजधानीतील प्लाझा दे मायो या चौकात लोटले. 'सदरा नसलेले' हे कुचेष्टेचे विशेषण त्यांनी पुढे अभिमानाने मिरविले. फेब्रुवारी १९४६ च्या निवडणुकीत पेरोन निम्म्याहून अधिक मते मिळवून अध्यक्ष झाले.

या पाठिंब्याच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजशास्त्रज्ञ जिनो जर्मानी यांनी शहरात नव्याने आलेल्या, संघटनेचा अनुभव नसलेल्या स्थलांतरितांवर भर दिला. मिगेल मुर्मिस आणि हुआन कार्लोस पोर्तांतिएरो यांनी १९७१ मध्ये या मताला छेद दिला. वर्षानुवर्षे न्याय्य मागण्या डावलल्या गेलेल्या जुन्या संघटनांनीही विचारपूर्वक पेरोन यांची साथ केली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मात्र या लाभाची किंमतही मोजावी लागली. ज्या मजूर पक्षाच्या बळावर पेरोन निवडून आले, तो त्यांनी १९४६ मध्येच विसर्जित करविला. झुंजून मिळविलेले हक्क नेत्याची देणगी ठरले आणि संघटनांचे स्वातंत्र्य आक्रसले. सप्टेंबर १९५५ च्या उठावात पेरोन पदच्युत झाले, तरी पेरोनवाद संपला नाही. प्रस्थापित संस्थांनी नाकारलेला सन्मान त्याने कामगारांना दिला होता आणि त्याची स्मृती राजवटीहून अधिक टिकाऊ ठरली.