आयुधांची निवड

व्हिडिओ गेममधील युद्ध म्हणजे केवळ बोटांची चपळाई, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळते. परंतु अंतराळांतील वा परग्रहावरील काल्पनिक युद्धांच्या खेळांचा गेल्या साठांहून अधिक वर्षांचा इतिहास चाळला, तर नेमबाजीइतकीच त्यांत विवेकाचीहि परीक्षा होते असें दिसून येईल. कोणतें आयुध केव्हां उचलावें आणि कोणतें टाकून द्यावें, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांनीं उत्तरोत्तर बिकट करीत नेला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभीं निवडीला फारसा वाव नव्हता. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनीं पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ सिद्ध केला. मध्यें एक तारा, त्याची ओढ, आणि परस्परांवर टॉर्पेडो सोडणारीं दोन यानें. शस्त्र एकच; मात्र टॉर्पेडो मोजके आणि इंधनहि मोजकें. काय वापरावें हा प्रश्नच नव्हता. केव्हां वापरावें एवढेंच ठरवावयाचें होतें.

शस्त्रागार उघडलें तें १९९३ च्या डिसेंबरांत. टेक्सासमधील 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीनें 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. मंगळाच्या फोबॉस व डीमॉस या चंद्रांवर नरकांतील राक्षसांशीं झुंजणारा एकटा सैनिक हा त्याचा नायक. नुसत्या मुठीपासून 'बीएफजी ९०००' या महास्त्रापर्यंत आठ आयुधें त्याला एकाच वेळीं बाळगतां येत. मर्यादा होती ती दारूगोळ्याची. पिस्तूल आणि चेनगन यांच्या गोळ्या एकाच सांठ्यांतील, आणि तो सामान्यतः २०० च्या वर जात नसे. शॉटगनच्या एका बारांत ७ छरे सुटत. शत्रु जवळ असला तर ते सर्व त्याला लागत, दूर असला तर पांगून जात. रॉकेट बलाढ्य शत्रूवर गुणकारी खरें, पण भिंत जवळ असली कीं तें सोडणाराच घायाळ होई. बीएफजीच्या एका बाराला ४० विद्युत्कोश लागत. तेवढ्याच कोशांत प्लाझ्मा रायफल ४० वेळां झाडतां येई.

येथें कर्णाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. एकदांच चालणारी वासवी शक्ति त्यानें अर्जुनासाठीं राखून ठेविली होती. पण रात्रीच्या युद्धांत घटोत्कचानें कौरवसैन्याची दाणादाण उडविली, तेव्हां ती त्याच्यावर खर्चावी लागली. डूमच्या खेळाडूची अडचण अगदीं हीच. कोश राखावे तर आतांच मरण. खर्चावे तर पुढच्या दालनांतील राक्षसापुढें रिकाम्या हातांनीं उभें राहणें. कर्णाला डाव पुन्हां मांडतां आला नाहीं. खेळाडूला तो मांडतां येतो. पण डाव जतन केलेला नसेल, तर केवळ पिस्तूल आणि ५० गोळ्या घेऊन.

त्याच कंपनीच्या १९९६ मधील 'क्वेक' या खेळानें स्थळाचाहि विचार करावयास लावलें. त्यांतील 'थंडरबोल्ट' हें विजेचा झोत सोडणारें अस्त्र पाण्यांत उभें राहून चालविलें, तर सारा सांठा एकदम फुटतो आणि चालविणारा बहुधा स्वतःच प्राणांस मुकतो.

खरें वळण आलें तें नोव्हेंबर २००१ मध्यें, बंजी कंपनीच्या 'हेलो' या खेळानें. त्याचा नियम कडक होता: आयुधें दोनच बाळगावयाचीं, तिसरें हवें असेल तर हातांतील एक खालीं ठेवावयाचें. परग्रहवासीयांचीं प्लाझ्मा अस्त्रें शत्रूच्या ऊर्जाकवचावर अधिक प्रभावी, तर मानवी बंदुकांच्या गोळ्या उघड्या अंगावर. शिवाय प्लाझ्मा अस्त्र सतत झाडल्यास तापून थांबतें, आणि त्यांतील शक्ति संपली कीं तें पुन्हां भरतां येत नाहीं. म्हणून दोहोंपैकीं एकेक घ्यावें, आधीं कवच उतरवावें, मग गोळी घालावी, ही जोडी सोयीची ठरे. पण पुढें 'फ्लड' नांवाचे जीव झुंडीनें अंगावर येतात. दूरच्या नेमाची जी रायफल तोंवर जिवापाड जपलेली असते, ती त्यांच्यापुढें जवळजवळ निरुपयोगी ठरते. तेथें शॉटगनच तारते. कालचा विजय ज्या शस्त्रानें मिळाला, तेंच आज टाकावें लागतें.

आठ आयुधें जवळ असतां खेळाडू समोरच्या शत्रूकडे पाहून निवड करी. दोनच ठेवावयाचीं म्हटल्यावर न दिसलेल्या शत्रूचा अंदाज बांधणें आलें. हा नियम पुढें अनेक खेळांनीं उचलला. तथापि २०१६ च्या नव्या 'डूम'नें सर्व शस्त्रें पुन्हां एकदम हातीं दिलीं. दोन्ही परंपरा आज नांदत आहेत, आणि दोहोंतहि अविचाराला शिक्षा आहेच. तेव्हां घरांतील मुलगा वा मुलगी असा डाव खेळून उठली, तर किती शत्रु मारलेस असें न विचारतां, कोणतें शस्त्र मागें ठेवलेंस आणि कां, असें विचारून पहावें. उत्तर ऐकण्यासारखें असेल.