डिपरची वंशावळ

ताम्हिणी उतरताना पाऊस लागला आणि आमच्या अ‍ॅम्बॅसॅडरचे दोन्ही डोळे असून नसल्यासारखे झाले. गाडी १९७८ ची, मार्क थ्री. वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली, तेव्हापासून घरातलीच. दिवे लागलेत की नाहीत हे बघायला मी भर पावसात खाली उतरलो. लागलेले होते, तुळशीपुढच्या पणतीइतपत.

दुसऱ्या दिवशी जो भेटेल त्यानं एकच सल्ला दिला: एलईडी टाक. स्पेअर पार्टवाला म्हणाला, भाचा म्हणाला, सोसायटीचा वॉचमनही म्हणाला. ही गाडी ज्याच्या हाताखालून तीस वर्षं जातेय तो इलेक्ट्रिशियन मात्र बल्बकडे बघेना. त्यानं इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावला. १३.६ व्होल्ट. मग हेडलाईटची रिंग काढली, काच पुढे ओढली, मागच्या होल्डरला पिना टेकवल्या. ११.२.

“बल्बला उपाशी ठेवलंय तुम्ही,” तो म्हणाला. “आणि वर त्यालाच शिव्या देताय.”

फिलामेंटच्या बल्बचा हिशेब सावकारी आहे. व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश दहा टक्के घटत नाही, तीस टक्के घटतो. आमच्या आकड्यांना तो जवळपास निम्म्यावर आला होता. उरलेला निम्मा पंचेचाळीस वर्षांच्या तांब्यात, स्विचच्या काजळलेल्या पॉइंटमध्ये, पायाखालच्या डिपरच्या बटणात आणि गंजलेल्या अर्थिंगच्या स्क्रूत वाटेतच खर्च होत होता.

तो वायरी सोलत बसला. मी बाकड्यावर चहा घेत बसलो. शेजारी गॅस वेल्डिंगचं दुकान आहे, तिथून कार्बाईडचा तो लसणासारखा वास येत होता. हाच वास एप्रिलमध्ये आंब्याच्या एखाद्या चोरट्या अढीतूनही येतो. आंबा पिकवायला ज्याच्यावर बंदी आहे ते कार्बाईडच मोटारीच्या हेडलाईटचं पहिलं नावाजलेलं खाद्य, हे त्या दुकानदाराला सांगितलं तर तो माझ्याकडे वेड्यासारखं बघेल.

पण गोष्ट खरी आहे. त्याच्याही आधी गाड्यांना तेलाचे दिवे असत, आणि त्यांचं काम वेगळं होतं. बैलगाडीच्या आसाखाली लोंबणारा कंदील बैलांना वाट दाखवायला नव्हताच. बैलांना वाट पाठ असते. तो मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. पुण्यात सायकलला दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, तेही सायकलस्वाराला रस्ता दिसावा या काळजीनं नव्हे. आपण दिसावं म्हणून दिवा आणि आपल्याला दिसावं म्हणून दिवा, ही दोन घराणी. घोडागाडीच्या वेगापर्यंत पहिलं पुरलं. मोटार आली, वेग वाढला आणि दुसऱ्याची गरज पडली.

कॅल्शियम कार्बाईड स्वस्तात बनवायची रीत १८९२ मध्ये टॉमस विल्सन या कॅनडियन माणसाला सापडली. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि त्याची ज्योत रॉकेलच्या ज्योतीहून कितीतरी पांढरी असते. दिव्याची रचना चुलीइतकी सोपी होती. वरच्या खणात पाणी, खालच्या खणात कार्बाईडचे खडे, मध्ये थेंबाथेंबानं पाणी सोडणारी चावी. रात्री निघायचं म्हणजे आधी खाली उतरायचं, चावी फिरवायची, गॅस यायची वाट बघायची, काच उघडून काडी लावायची. घरी आल्यावर तळाचा ओला चुना खरवडून काढायचा. हेच कार्बाईड थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या खेड्यापाड्यांत फटाका म्हणून डब्यात फोडलं जायचं, त्यावरून त्या दिव्याच्या स्वभावाची कल्पना यावी. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांना दीपगृहांच्या गॅसदिव्यांचं काम आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेबद्दल १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. दीपगृहांना डोळे देणारा माणूस स्वतः आंधळा झाला, आणि पुढची पंचवीस वर्षं आपली कंपनी चालवत राहिला.

त्याच १९१२ मध्ये कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंग यांची विजेची स्टार्टर-आणि-दिवे व्यवस्था गाडीत बसवून विकायला काढली. पाठोपाठ १९१३ मध्ये जर्मनीत बॉशनं डायनामो, रेग्युलेटर, बॅटरी आणि हेडलाईट असा पूर्ण संच आणला. श्रीमंतांचं भागलं. सामान्यांच्या फोर्ड मॉडेल टीला विजेचे हेडलाईट मिळाले ते १९१५ मध्ये, आणि तेही इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोला थेट जोडलेले. इंजिन जोरात फिरलं की दिवे झगझगीत, इंजिन हळू झालं की दिवे मलूल. म्हणजे अंधाऱ्या वळणावर, जिथे माणूस गाडी हळू करणार, नेमका तिथेच उजेड पळून जायचा. ज्यांनी डायनामोवाल्या जुन्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे पिवळे पडायचे, आणि बॅटरी वाचवायला माणसं शहरात पार्किंग लाईटवरच गाडी हाकायची.

उजेड पुरेसा झाला आणि मग खरं भांडण सुरू झालं. माझा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. हेडलाईटचा पुढचा सगळा इतिहास उजेड वाढवण्यापेक्षा तो कुठे थांबवायचा याचाच आहे, असं माझं मत झालंय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही गाड्यांत अख्खा दिवाच तरफेनं खाली झुकवायची सोय होती. देखणा इलाज निघाला तो १९२५ च्या सुमारास, ओस्रामच्या बायलक्स बल्बमध्ये. एका काचेत दोन फिलामेंट. एक परावर्तकाच्या नाभीवर, ते अप्परचं. दुसरं जरा पुढे, आणि त्याच्या खाली धातूची एवढीशी वाटी. वाटीमुळे या दुसऱ्या फिलामेंटचा उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो, आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. वर जाऊ शकणारा उजेड वाटीनं आधीच झाकून टाकलेला. आपला डिपर जन्मला तो असा, नखाएवढ्या पत्र्याच्या आडोशाला.

ही वाटी ध्यानात ठेवा, कारण आपल्याकडे पुढे एक मोठा विनोद झाला. हेडलाईटच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा किंवा पिवळा रंग फासायची पद्धत अनेक वर्षं होती. कुठे मधोमध काळा ठिपका, कुठे आडवी पट्टी. १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये रंगवलेल्या काचा पाहिलेली पिढी अजून आहे. वरचा भाग झाकला की वरचा उजेड थांबतो, हा त्यामागचा भाबडा तर्क. पण वाटीच्या बल्बात डिपरचा उजेड काचेच्या वरच्याच अर्ध्या भागातून बाहेर पडून खाली जातो. म्हणजे आपण डिपर झाकला आणि अप्परचा अर्धा उजेड मोकळा ठेवला. रंग मारणाऱ्याचा हेतू शंभर टक्के प्रामाणिक होता, एवढंच म्हणता येईल.

अमेरिकेनं वेगळीच वाट धरली. परावर्तकाला गंज, काचेआड धूळ, बल्ब वाकडे बसलेले, या सगळ्याला कंटाळून १९४० च्या मॉडेलांपासून तिथे सील्ड बीम आलं. काच, परावर्तक आणि फिलामेंट एकत्र वितळवून बंद केलेला सात इंची गोल डबा. फिलामेंट गेलं की अख्खा दिवा फेकायचा. खर्चिक, पण दहाव्या वर्षीही पहिल्या दिवसासारखा चकचकीत. सात इंची गोल दिवा इंग्रजी गाड्यांतही रुळला, तिथून मॉरिस ऑक्सफर्डमधून आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये आला. जीपलाही तोच, बुलेटलाही तोच. आज जुन्या गाडीला नवा दिवा सहज बसतो याचं पुण्य त्या मापाला. चौकोनी दिव्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांचे मालक जुन्या बाजारात काचा शोधत फिरतात, त्यांना विचारा.

युरोपनं बल्ब सुटाच ठेवला आणि त्यामुळे सुधारणेला दार उघडं राहिलं. १९५७ मध्ये तिथे डिपरचा पट्टा तिरपा झाला. समोरून येणाऱ्याच्या बाजूला सपाट, रस्त्याच्या कडेच्या बाजूला वर चढणारा, म्हणजे कडेनं चालणारा माणूस लांबून दिसावा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याचा पट्टा डावीकडे चढायला हवा. परदेशातून हौसेनं मागवलेले दिवे इथे बसवणारे हे विसरतात, आणि त्यांचा दिवा कडेचा माणूस सोडून समोरच्या एसटीच्या ड्रायव्हरला तपासत जातो.

मग हॅलोजन. साध्या बल्बात टंगस्टन उडून काचेवर बसतं आणि काच आतून काळवंडते. आत आयोडीन किंवा ब्रोमीनची चिमूट ठेवली की ते उडालेल्या टंगस्टनला धरून परत फिलामेंटवर आणून सोडतं. त्यासाठी काच भट्टीसारखी तापावी लागते, म्हणून ती क्वार्ट्झची, आणि म्हणून तिला बोट लावायचं नसतं; बोटाचं तेल जिथे लागलं तिथे ती तडकते. १९६२ मध्ये एच-वन आला, त्यात एकच फिलामेंट. १९७१ मध्ये एच-फोर आला. दोन फिलामेंट, खाली तीच बायलक्सची वाटी, ६०/५५ वॅट. माझ्या मते जुन्या गाडीला मिळालेली ही सर्वांत चांगली भेट. आणि तिचीच आपण सर्वांत जास्त वाट लावली. बाजारात १००/९० चे बल्ब आले, ते त्याच जुन्या वायरींवर चढले. शंभर वॅटचे दोन म्हणजे जवळजवळ सतरा अँपिअर. तेवढा करंट बारीक वायरीतून ओढला की वाटेतली घट आणखी वाढते, स्विच वितळतो, होल्डर तपकिरी पडतो. वॅट दीडपट, आणि उजेड त्या मानानं काहीच नाही.

यावरचा इलाज हेडलाईटपेक्षा जुना आहे. तारायंत्राच्या काळात हीच अडचण होती: लांबच्या तारेतून जाताना वीज दमून जायची. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी युक्ती काढली, की दमलेल्या विजेनं पलीकडे फक्त एक छोटं चुंबक हलवायचं आणि त्या चुंबकानं तिथल्या ताज्या बॅटरीचं दार उघडायचं. याचं नाव रिले. शब्द त्याहून जुना. लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे ठेवत, त्या व्यवस्थेचा. आपल्या डाकचौक्यांवर घोडे बदलत तसंच.

आमच्या इलेक्ट्रिशियननं बॉनेटखाली असे दोन डाकघोडे बांधले. एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या चार पायांवर आकडे असतात आणि ते सगळीकडे तेच. ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून थेट हेडलाईट, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. लुकास कंपनीच्या जुन्या वायरिंग पद्धतीत निळी-पांढरी वायर अप्परची आणि निळी-लाल डिपरची. आमच्या गाडीत त्या ऊन, तेल आणि उंदीर यांच्या हातून एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या, म्हणून त्यानं प्रत्येक वायर जीभ बाहेर काढून तपासली. मूळ हार्नेस त्यानं कापला नाही. आता जुन्या स्विचमधून जातो तो चुंबक हलवण्यापुरता, अर्ध्या अँपिअरहून कमी करंट. काम संपल्यावर होल्डरवर पुन्हा मीटर लावला: १३.२. बल्ब तेच ६०/५५.

एलईडीचं काय, हे भाच्यानं विचारलंच. एलईडीचा अख्खा दिवा, स्वतःची भिंगं असलेला, सात इंची मापात मिळतो. नीट कंपनीचा आणि डाव्या बाजूच्या रहदारीचा असेल तर माझी हरकत नाही. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं आणि त्याच्यामुळेच पांढरा एलईडी झाला, हे कौतुक मलाही आहे. भांडण आहे ते एच-फोरच्या जागी खोचायच्या एलईडी बल्बशी. सगळा परावर्तक जेमतेम पाच मिलिमीटरच्या, चहूबाजूंनी पेटलेल्या एका तारेसाठी घडवलेला. तिथे चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले ठिपके बसवले की उजेड जागा सोडतो, वाटीनं आखलेली रेघ फिसकटते. गाडीत बसलेल्याला समोरचा रस्ता दुधासारखा दिसतो आणि तो खूश होतो. समोरच्याचं मत कोणी विचारत नाही.

ते विचारायची सोय कायद्यानं करून ठेवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून आठ मीटरवर उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर नजर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. मला वाटतं, कायद्यात इतकं घरगुती माप क्वचितच असेल. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना यंत्र.

गाडी घरी आणली त्या रात्री आम्ही अंगणात टेप धरून आठ मीटर मोजले आणि आईला उभं केलं. तिची नजर बरोबर दीड मीटरवर येते. मी डिपर लावला. तिच्या साडीचे काठ गुडघ्यापर्यंत लख्ख दिसले, वर अंधार होता, आणि ती डोळ्यांवर हात न धरता उभी राहिली.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एलईडीचा डबा उघडण्याआधी बॅटरीवर एकदा आणि बल्बच्या होल्डरवर एकदा मीटर लावून बघा.